मामंजींच्या वहीतलं सातवं पान

मामंजी,

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला यातलं एक अक्षरही कळणार नाही. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. दोनदा. दोन्ही वेळा चौथ्या ओळीपर्यंत ते ऑफिसच्या ईमेलसारखं वाटायला लागलं. जर्मनची तर गोष्टच सोडा. जर्मनमध्ये मी अजून फक्त तक्रारी लिहू शकते. शेवटी लुकास म्हणाला, "तुझ्या भाषेत लिही. पापाला चालेल." तुमचा मुलगा कधीमधी शहाण्यासारखं बोलतो.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. हान्ने बरी आहे. सकाळी बागेत असते, दुपारी आमच्याकडे येते, आणि मीरा शाळेतून आली की आजी-नात मिळून गणितं सोडवतात. परवा तिने तुमची सायकल पुसून चाकांत हवा भरून ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

मराठीत लिहायला घेतल्यावर एक गोष्ट झाली. इंग्रजीत आपण इतकी वर्षं एकमेकांना 'यू' म्हणत आलो, त्यात लहानमोठं काही नव्हतं. इथे पहिल्या ओळीतच तुम्ही 'अहो' झालात. त्याला आता इलाज नाही. सासऱ्यांना अरेतुरे करायला माझा हात धजत नाही.

'मामंजी' हे नाव मात्र तुम्हीच निवडलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, तुमच्या स्वयंपाकघरात केक कापता कापता तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे सुना सासऱ्याला काय म्हणतात? नुसतं अलेक म्हणत नसतील." मी म्हटलं, बहुतेक जणी बाबा म्हणतात. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "बाबा नको. माझ्या बापाकडून मला जे चार पोलिश शब्द मिळाले, त्यांतला तो एक आहे. बाबा म्हणजे म्हातारी बाई. शेजारणीला तो पाठीमागे बाबा म्हणायचा." मग मी गंमत म्हणून सांगितलं की माझी पणजी तिच्या सासऱ्यांना मामंजी म्हणायची, पण आता तसं कुणी म्हणत नाही. तुम्ही तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवलात. "मामंजी. आय. कुणी वापरत नसेल तर मी घेतो."

हे तुमचं 'आय'! स्कॉटलंडच्या तुमच्या गावाकडचं 'हो'. माझी आई नाशिकहून पहिल्यांदा इंगोलश्टाटला आली, तेव्हा तिच्या प्रत्येक वाक्याला तुम्ही मान डोलावून 'आय, आय' म्हणत होतात. तुम्ही गेल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, हे मला आय का म्हणतात? माझ्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे आहेत." तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढच्या खेपेला ती दारात दिसली की दोन्ही हात जोडून "आय!" आईनेही मग हार मानली. परवा फोनवर रडत होती आणि म्हणत होती, "मला आय म्हणणारं एक माणूस गेलं गं."

आणि माझं नाव. हान्नेच्या बहिणी मला अजून रूटा म्हणतात. माझ्या कामावर, कार प्लांटमध्ये, रु, रुयू, काय वाटेल ते. तुम्ही एक आठवडा घेतलात. कारमध्ये सराव करायचात म्हणे. मग एका शनिवारी दार उघडून तुमच्या त्या खणखणीत 'र'सकट म्हणालात, "ऋजुता." नाशिकमधल्या माझ्या शाळेच्या बाईंनीसुद्धा इतकं स्पष्ट म्हटलं नसेल. मी कौतुक केलं तर तुम्ही हसला नाहीत. "माझ्या बापाचं नाव ब्रोनिस्लाव होतं," तुम्ही म्हणालात. "गावाने दोन दिवसांत त्याचं बार्नी करून टाकलं. मरेपर्यंत तो बार्नीच राहिला. दुसऱ्याचं नाव आपण मोडू नये."

बार्नी आजोबांना मी पाहिलं नाही. पण तुम्ही त्यांच्याबद्दल इतकं सांगायचात की कधीकधी वाटतं, पाहिलंय. डंडीच्या वर, समुद्रापासून दोन मैलांवर तुमचं गाव. बटाटे, रासबेरी, गाई आणि वारा. दुसऱ्या महायुद्धात आपला देश हातचा गेल्यावर फिरत फिरत तिथे येऊन पोचलेले पोलिश सैनिक. समुद्रावरून जर्मन उतरतील म्हणून किनाऱ्यावर काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. लहानपणी तुम्ही त्याच ठोकळ्यांवरून उड्या मारायचात. जर्मन काही उतरले नाहीत. "उलट मीच इकडे आलो," असं तुम्ही म्हणायचात.

मला सगळ्यांत आवडायची ती अळंब्यांची गोष्ट. पहिल्याच शरद ऋतूत ते सैनिक रानात गेले आणि टोप्या भरभरून अळंबी घेऊन आले. गावात कुणी रानातली अळंबी खाल्ली नव्हती. त्यांनी ती लोण्यात परतली, खाल्ली, आणि सगळं गाव दारात उभं राहून ते मरायची वाट बघत बसलं. कुणीच मेलं नाही. बेकरीवाल्याची मुलगी जीन तेवढी जवळ जाऊन म्हणाली, "वास बरा येतोय." ती तुमची आई. लग्नानंतर चाळीस वर्षं तिने नवऱ्याला अळंबी परतून दिली आणि स्वतः एकदाही तोंडात घातली नाही.

लढाईत त्याच गावाने त्यांना चहाला बोलावलं, मुली त्यांच्याबरोबर नाचल्या, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. आणि लढाई संपल्यावर तीच माणसं विचारायला लागली, "मग, तुम्ही परत कधी जाणार?" कुठे जाणार? बार्नी आजोबांचं गाव होतं तिथेच होतं, पण सीमा सरकली होती आणि ते आता दुसऱ्याच देशात गेलं होतं. ते राहिले. शेतावर कामाला लागले. जीनच्या घरचे वर्षभर बोलले नाहीत. मग तुम्ही झालात, तेव्हा बोलले.

मला आधी वाटायचं, तुम्ही हे मला का सांगता? मी काही लढाईतून आलेली नाही. शिकायला आले, नोकरी लागली, राहिले. माझं घर नाशिकला कॉलेज रोडवर जागच्या जागी आहे आणि आई रोज व्हिडिओ कॉलवर कुंड्या दाखवते. एकदा मी हे तुम्हाला म्हटलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, "आय, तुझं वेगळं आहे. पण 'परत कधी जाणार' हे तुलाही विचारतात ना?" विचारतात. तिकडेही आणि इकडेही.

तुम्ही चोवीस वर्षांचे असताना इंगोलश्टाटच्या कार प्लांटमध्ये टूलमेकरची नोकरी मिळाल्याचं वडिलांना सांगितलंत. ते सूप पीत होते. त्यांनी चमचा ठेवला आणि म्हणाले, "त्या कामाला त्यांच्याकडे जर्मन पुष्कळ आहेत." आणि उठून गोठ्यात गेले. एवढंच. ना आरडाओरडा, ना शिव्याशाप. तुम्ही दर रविवारी इथून फोन करायचात, आई बोलायची, आणि तुम्ही विचारलंत की म्हणायची, "तो गोठ्यात आहे रे." हान्नेशी लग्न झालं तेव्हाही ते गोठ्यात होते. अकरा वर्षं. मग लुकास झाला. त्या रविवारी आजोबांनी स्वतः रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "इथे पाऊस आहे. तिथे काय?" तुम्ही म्हणालात, "इथे ऊन आहे." त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही दोघं हवेवर बोलत राहिलात. पाऊस, धुकं, बटाट्यांना लागलेली थंडी. अकरा वर्षांबद्दल एक शब्द नाही.

तुम्ही जर्मन पासपोर्ट घेतलात तेव्हा मीच तुम्हाला लांडराट्सआम्टमध्ये, जिल्हा कार्यालयात, घेऊन गेले होते. ब्रेक्झिटनंतर इलाज नव्हता, तुम्ही वर्षभर चिडचिड केली होतीत. त्या बाईंनी कागद दिला, हात मिळवला, तुम्ही व्यवस्थित "डांके" म्हणालात. कारमध्ये बसल्यावर मात्र सीटबेल्ट न लावता तसेच बसून राहिलात. मी विचारलं, "काय झालं?" "काही नाही," तुम्ही म्हणालात. "तो आत्ता परत गोठ्यात गेला असेल." मला हसू आलं आणि मग कळलं की तुम्ही हसत नाही आहात.

आता वहीबद्दल.

मीरा दोन वर्षांची होती. तुमच्या बागेत आपण सगळे बसलो होतो आणि मी तिला जर्मनमध्ये काहीतरी सांगत होते, बूट घाल, चिखलात जाऊ नकोस, असंच. तुम्ही एकदम कडक आवाजात विचारलंत, "तू तिच्याशी जर्मन का बोलतेस?"

"सोपं जातं, मामंजी. पाळणाघरात सगळं जर्मनच आहे. लुकासलाही कळतं."

"माझ्या बापालाही सोपं गेलं होतं."

तुमचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. हान्नेने मीराला उचललं आणि आत नेलं. मग तुम्ही सांगितलंत. वडील तुमच्याशी कधी पोलिश बोलले नाहीत, कारण शाळेत त्रास होईल. तुमची तक्रार नव्हती. तुम्ही पन्नाशीला टेकला होतात तेव्हा त्यांना पक्षाघात झाल्याचा फोन आला. तुम्ही म्युनिकहून विमानाने गेलात. जिल्ह्याच्या ठिकाणचं छोटं हॉस्पिटल. आजोबा शुद्धीवर होते, बोलतही होते, पण इंग्रजी सगळं पुसलं गेलं होतं. पन्नासएक वर्षांचं इंग्रजी. उरलं होतं ते फक्त पोलिश. आई आधीच गेलेली. गावातले त्यांचे सोबती गेलेले. वॉर्डात कुणाला पोलिश येत नव्हतं आणि मुलालाही येत नव्हतं.

"आणखी पाच वर्षांनी गेला असता," तुम्ही म्हणालात, "तर गावात निम्मे रासबेरी तोडणारे पोलिश होते. दुकानात जाऊन कुणालाही हात धरून आणलं असतं."

नऊ दिवस तुम्ही त्यांच्या उशाशी बसलात. ते बोलत राहिले. तुम्हाला एक शब्द कळत नव्हता, म्हणून तुम्ही खिशातली मापं लिहायची छोटी वही काढलीत आणि जसं ऐकू येईल तसं लिहायला लागलात. चौकटीचा कागद, बारीक पेन्सिल, टूलमेकरचं स्वच्छ अक्षर. अकरा पानं. नवव्या दिवशी ते गेले.

तुम्ही ती वही आतून आणून मला दाखवलीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, कुठल्याच भाषेतले न वाटणारे आवाज. मी ताबडतोब म्हटलं, "अहो, प्लांट पोलिश लोकांनी भरलाय! माझ्याच टीममध्ये अग्नेश्का आहे. उद्या दाखवते."

"नको."

"का?"

तुम्ही वही मिटलीत. "आत्ता त्या वहीत काहीही असू शकतं. वाचलं की एकच उरेल."

इथून आपला वाद सुरू झाला आणि शेवटपर्यंत संपला नाही. दर दोनतीन महिन्यांनी, कॉफीवर, रानात अळंबी शोधताना, कुठेही. मी ब्रेक टेस्टिंगमध्ये काम करते. तपासायची गोष्ट न तपासता ठेवून देणं मला जमत नाही. मी म्हणायचे, त्यांनी बोललेले शब्द आहेत, ते असे पडून कसे राहू द्यायचे? तुम्ही म्हणायचात, त्याने ते मला सांगितले नाहीत, तो नुसता बोलत होता. मी एकदा फारच पुढे गेले. म्हटलं, "मामंजी, तुम्ही घाबरता." तुम्ही हातातलं अळंबं उलटं करून बघितलंत, टोपलीत ठेवलंत, आणि शांतपणे म्हणालात, "आय. घाबरतो. त्यात 'तू गेलास' असं असलं तर?" आणि लगेच पुढे, "एक मला माहीत आहे आणि तेवढं मला पुरतं. त्याने मला ओळखलं होतं. भाषा गेली होती, पण नऊ दिवस नजर माझ्यावर होती."

त्या वादातून एक बरं झालं. मी मीराशी मराठी बोलायला लागले. ती जर्मनमध्येच उत्तर द्यायची, अजूनही देते. पण तिला कळतं, सगळं कळतं. हे तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी नीट म्हटलं नाही. आभार मानायला लागलं की तुम्ही उठून काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचात.

आता जे सांगायचंय ते सांगते.

अडीच वर्षांपूर्वी, तुम्ही आणि हान्ने बाजारात गेला होतात आणि मी तुमच्या घरी मीराला सांभाळत होते. वही कुठे असते ते मला माहीत होतं. मी ती काढली, मधलं एक पान उघडलं आणि फोनवर फोटो घेतला. सातवं पान. वही होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये अग्नेश्काला दाखवलं. ती आधी हसली. "हे कुणी लिहिलंय, बहिऱ्याने?" मी म्हटलं, "पोलिश न येणाऱ्या मुलाने." मग ती हसली नाही. मोठ्याने वाचायला लागली, तेच तेच, वेगवेगळ्या चालीत. निम्मं काही लागत नव्हतं. "पाणी" असं एक होतं. "फाटक लाव, गाय बाहेर जाईल" असं एक. "माझी आजी असंच बोलायची," ती म्हणाली, "पूर्वेकडची माणसं." शेवटच्या चार ओळींपाशी ती अडली. तुम्ही तिथे 'व्होपाक' असं काहीतरी लिहिलं होतं. तिने ते तीनदा म्हटलं आणि तिचा चेहरा बदलला. "पोरगा," ती म्हणाली. "व्होपाक म्हणजे पोरगा." मग हळूहळू, बोट ठेवत, तिने पूर्ण ओळी लावल्या.

"तो पोरगा सकाळपासून बसलाय. त्याला कुणी जेवायला विचारलंय का? कुणाचा आहे? चांगला आहे पोरगा. त्याला घरी लांब जायचं असेल."

ट्रे उचलायला माणूस आला तरी आमचं जेवण तसंच होतं.

मामंजी, मी त्याच दिवशी तुम्हाला सांगायला निघाले होते. कार तुमच्या गल्लीपर्यंत आणली. मग वाटलं, यातलं काय सांगू? त्यांनी तुमच्यावर राग धरला नव्हता, हे? की त्यांनी तुम्हाला ओळखलंच नव्हतं, हे? ज्या एका गोष्टीवर तुम्ही पंचवीस वर्षं उभे होतात तीच मी काढून घेणार होते. आणि बदल्यात देणार होते ते मोठं होतं की छोटं, मला ठरवता येईना. तुमच्या दारावरून गाडी पुढे नेली, चौकात वळवली आणि घरी आले. लुकासलाही सांगितलं नाही. त्यानंतर तुमच्याशी वाद घालणं मात्र बंद केलं. तुमच्या ते लक्षात आलं. एकदा म्हणालात, "हल्ली तू मला वहीवरून छळत नाहीस." मी म्हटलं, "कंटाळा आला." तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत.

मग तुमचं आजारपण. क्लिनिकुम हॉस्पिटलमधले ते पाच आठवडे. तुम्ही शेवटपर्यंत शुद्धीत होतात, जर्मन डॉक्टरांशी जर्मन, माझ्याशी इंग्रजी. एका दुपारी मीरा तुमच्या पलंगावर बसून माझ्या आईशी फोनवर बोलत होती आणि अचानक अख्खं वाक्य मराठीत बोलली, आजोबांचं 'ओपा' तेवढं जर्मन, "आजी, ओपाला बरं नाहीये, पण त्याने माझी जेली खाल्ली." तुम्ही मला विचारलंत, काय म्हणाली? मी सांगितलं. "तुझ्या आईला सगळं कळलं?" "सगळं." तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठेतरी जपून ठेवलंय.

त्यानंतर चार दिवसांनी, खोलीत आपण दोघंच होतो. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. तुम्ही विचारलंत, "ऋजुता, ती वही. तू कधी कुणाला दाखवलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

दोन वर्षं मनात त्या प्रसंगाची तयारी केली होती आणि तोंडातून पहिलं आलं ते 'नाही'. तुम्ही म्हणालात, "मग ठीक." आणि पाणी मागितलंत. ते 'मग ठीक' सुटकेचं होतं, की तुम्हाला शेवटी ऐकायचं होतं आणि मी दार लावलं, हे मला कळलं नाही. अजून कळत नाही. तुम्ही गेल्यापासून मी तो स्वर रोज आठवून बघते. कधी एक वाटतं, कधी दुसरं. ब्रेकची चाचणी परत घेता येते. ही येत नाही.

तुमच्या अंत्यविधीला प्लांटमधले जुने सोबती आले होते. सगळे तुम्हाला 'डेर शॉटं', म्हणजे स्कॉटलंडवालाच म्हणत होते. अग्नेश्काही आली, मागे उभी राहिली. तिने तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. जाताना तिने माझा हात दाबला आणि विचारलं, "सांगितलंस?" मी नकारार्थी मान हलवली.

काल मी हान्नेला सांगितलं. तुमच्या बागेत, दुपारी. ती बीनचे वेल काढून टाकत होती आणि मी तिच्या मागून टोपली घेऊन फिरत होते. सगळं सांगितलं. फोटो काढला ते, अग्नेश्काने वाचलं ते, हॉस्पिटलमध्ये खोटं बोलले ते. वाटलं होतं, ती चिडेल. तिने हातातला वेल खाली ठेवला, मातीचे हात एप्रनला पुसले आणि म्हणाली, "आल्झो, बरं. परत एकदा सांग. काय म्हणाला म्हातारा?"

मी परत सांगितलं. पोरगा सकाळपासून बसलाय. त्याला कुणी जेवायला विचारलंय का.

ती बाकावर बसली. "अलेक परत आला ना तेव्हा," ती म्हणाली, "मी त्याला आणायला विमानतळावर गेले होते. मला तो आधी ओळखूच आला नाही. पँट कमरेवर राहत नव्हती, दोरी बांधली होती. नऊ दिवस नुसत्या बिस्किटांवर आणि चहावर काढले होते त्याने. मी इतकी चिडले! म्हटलं, इतके दिवस बसून होतास, एका माणसाने तुला जेवायला विचारलं नाही? तर म्हणाला, नाही. कुणीच नाही विचारलं."

हान्ने रडत होती आणि हसतही होती, तुम्हाला माहीत आहे ती कशी हसते, खांदे हलवत.

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "बापाने."

तेवढं सांगायचं राहिलं होतं, मामंजी. तुम्हाला जेवायला विचारलं होतं.